कॉलनीतल्या मुलांना झाडं, पाखरं, किडे दाखवायचे आहेत. सुरुवात कशी करू? (नागपूर)

कडुनिंबाखाली

नमस्कार मंडळी,

बेसा भागातल्या एका लेआऊटमध्ये आमचं घर आहे. आजूबाजूला पाच ते दहा वर्षांची बरीच मुलं आहेत. परवा त्यांच्यात गप्पा मारत बसले होते. पेंग्विन, कांगारू, ध्रुवीय अस्वल सगळं पाठ आहे त्यांना, डायनासोरची नावं तर घडाघडा म्हणतात. पण समोरच्या रिकाम्या प्लॉटवर रात्री-अपरात्री ओरडणारी टिटवी एकालाही माहीत नव्हती. "काकू, ते कबुतरासारखं काहीतरी आहे," असं उत्तर मिळालं.

विदर्भातल्या शाळा उघडायला अजून वेळ आहे. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपलाय, पाऊस तोंडावर आलाय. तेव्हा दर रविवारी सकाळी तासभर या मुलांना घेऊन बसावं असं फार मनात आहे. मी बँकेत नोकरी करते, या विषयातलं शिक्षण नाही. काही आयांनी आधीच सांगून ठेवलंय की "अळ्या-बिळ्या हातात देऊ नका हं". कुत्र्यांची भीती वेगळी. आणि बाबालोकांचं म्हणणं, हे कशाला, एकदाची पेंचला सफारी करून आणू.

तुमच्यापैकी कुणी असं काही केलं असेल तर सविस्तर लिहा. साधन-सामग्रीला फार खर्च करता येणार नाही.

राखी धनेश

ताई, तुमच्याकडे टिटवी आहे म्हणजे अर्धं काम झालेलं आहे. तिच्यापासूनच सुरू करा.

ती ओरडते म्हणजे बहुतेक जवळच अंडी किंवा पिल्लं असणार. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर थोडासा खळगा करते, भोवती खडे मांडते आणि त्यात बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मुरमासारखा मातकट, वर काळे ठिपके. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत, म्हणून मुलांना प्लॉटमध्ये शिरू देऊ नका. कुंपणाबाहेरून किंवा गच्चीवरून पाहा. नर-मादी दोघंही पाळीनं अंड्यांवर बसतात. आपल्याकडच्या उन्हात ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतात आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसतात. अंडी गार ठेवायची ही त्यांची रीत. मुलांना हे आधी सांगू नका. "ती मधेच उठून कुठे गेली? परत आली तेव्हा काही वेगळं दिसलं का?" एवढं विचारा आणि गप्प राहा.

गप्प राहणं हेच मोठ्यांना जमत नाही. मूल बोट दाखवतं, आपण लगेच नाव सांगतो, मुलाला वाटतं झालं. नाव सांगायला घाई नको. आधी त्याला स्वतः नाव ठेवू दे. आमच्या भाच्यानं टिटवीला "चष्मेवाली" म्हटलं होतं, कारण तिच्या डोळ्यापुढे लाल कातडी असते. ज्यानं ते पाहिलं, तो पुढे तिला कधी विसरणार नाही.

पिल्लं अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात चालायला लागतात. आईनं इशारा दिला की जमिनीला चिकटून निपचित पडतात. हे बघायला मिळालं तर तुमच्या मुलांचा रविवार सत्कारणी लागला.

काटोलची बाग

नमस्कार ताई. मी संत्रावाला माणूस, लिहिण्याची सवय नाही, पण विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहून राहिलो.

तुमच्या लेआऊटमध्ये कोणाकडे लिंबाचं नाहीतर कढीपत्त्याचं झाड असेलच. पाऊस पडला की त्याला नवती फुटते. त्या कोवळ्या पानांवर बारीक, गोल, पिवळसर अंडी शोधा. एका जागी एकच असते. त्यातून जी अळी निघते ती सुरुवातीला हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट-तपकिरी आणि मधे पांढरा डाग. पाखरं तिला खायच्या फंदात पडत नाहीत. मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते, पानात दिसतच नाही. तिला काडीनं जरासं डिवचलं की डोक्यामागून तांबूस रंगाची दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. आमचे पोट्टे तर त्या शिंगांवर खूश असतात. (डिवचणं एकदाच बरं का, सारखं नाही.)

आम्हा बागाईतदारांना ती नकोच असते. नर्सरीतल्या कलमांची आणि लहान झाडांची पानं पार खाऊन टाकते. मोठ्या झाडाला तेवढा फरक पडत नाही. पण मी घरच्या मुलांना दोन्ही सांगतो, की ही आपलं नुकसान करते, आणि हिचंच पुढे काळं-पिवळं फुलपाखरू होते. मुलांना दोन्ही गोष्टी एकदम समजतात. मोठ्यांनाच त्रास होते.

सावली

काटोलचे भाऊ, छान लिहिलंत. पण ताईंना एक विनंती, अळ्या बरणीत भरून घरी आणू नका. मी हे शहरातल्या शाळांमध्ये बऱ्याचदा पाहिलंय. बरणीत पानं सुकतात, दमट होऊन बुरशी लागते, अळी मरते. मुलं रडतात किंवा दोन दिवसांनी विसरतात. दोन्ही वाईट. जीव खेळणं नसतो हे शिकवायला निघालो आणि शिकवलं नेमकं उलटं, असं व्हायला नको.

काटोलची बाग

बरणी नकोच. झाडावरच राहू द्या. फांदीला मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी बांधली की झालं. पानं ताजी, हवा मोकळी, आणि पाखरांपासून अळी वाचते. साधारण दोनेक आठवड्यांत ती कोश करते. शेपटीकडून फांदीला चिकटते आणि कमरेला रेशमाचा एक धागा बांधून घेते. तो धागा मुलांना भिंगातून दाखवा. भोवताल हिरवा असला तर कोश बहुधा हिरवा होते, सुक्या काडीवर असला तर तपकिरी. पावसाळ्यात पुढे आठवड्या-दीड आठवड्यात फुलपाखरू निघते, बहुतेक सकाळीच. निघालं तेव्हा पंख ओले, चुरगळलेले असतात. लगेच हात लावू नका, ते लटकून पंख ताणून वाळवते, मग उडते. त्याच्याआधीच पिशवी सोडून ठेवायची.

सावली

ही पद्धत मान्य. फक्त पालकांना आणखी एक सांगून ठेवा. कधी कधी कोशातून फुलपाखरू निघतच नाही. कोशाला भोक पडतं आणि त्यातून गांधीलमाशीच्या कुळातल्या पुष्कळ बारीक परजीवी माश्या बाहेर येतात. त्यांच्या आईनं कोशाच्या आत अंडी घातलेली असतात. लहान मूल हिरमुसतं. अशा वेळी "वाईट माशी" म्हणून मोकळं होऊ नये. ती माशी नसती तर काटोलच्या भाऊंच्या बागेत अळ्याच अळ्या झाल्या असत्या. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे कळतं, नीट बसून सांगितलं तर.

धरमपेठचे आजोबा

फार समाधान वाटले वाचून. आमच्या लहानपणी मृग लागला की पहिल्या पावसानंतर आम्ही मखमली लाल मृगाचे किडे शोधायला धावायचो. आताच्या मुलांनी ते पाहिलेही नाहीत. ताई, तुमच्याकडे रिकामे प्लॉट आहेत, डांबर-काँक्रीट कमी आहे, तिथे नक्की मिळतील. पहिला दमदार पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी जा. पाय मोजायला लावा. सहा निघाले की आठ, यावर भांडू द्या. आठ असतात, म्हणजे तो कोळी-विंचवांच्या गोतावळ्यातला. हलक्या हाताने तळहातावर घेतला तर काही करत नाही, पाय आखडून बसतो आणि मग चालू लागतो. मोठी माणसे त्यांना काडेपेटीत भरून ठेवतात तेवढे करू नका, मातीतच सोडा.

आणखी एक. आपल्या नागपूरला तान्हा पोळा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल सजवून मुले घरोघर फिरतात. किती घरांत खरा बैल पाहिलेले मूल असेल? शक्य असेल तर आदल्या दिवशी जवळच्या गावी पोळ्याला घेऊन जा. खांदेमळणी, म्हणजे बैलांचे खांदे चोळणे, कशी करतात, बैल डोळा कसा मिटतो, त्याचा श्वास केवढा गरम असतो हे एकदा कळले की लाकडी बैलाला हात लावतानाही मूल वेगळे वागते.

प्राणीडॉक्टर

मी पशुवैद्यक आहे. कुत्र्यांविषयी लिहिते, कारण पालकांची भीती रास्त आहे आणि ती झटकून टाकू नये.

मुलांना "कुत्र्यांपासून लांब राहा" एवढंच सांगितलं तर ती घाबरून पळतात, आणि पळणाऱ्याच्या मागे कुत्रा लागतोच. त्याऐवजी कुत्र्याची भाषा शिकवा. शेपूट पायांत घेतलेली, कान मागे चिकटलेले, जीभ सारखी ओठांवरून फिरते आहे, तोंड दुसरीकडे वळवतो आहे: हा कुत्रा घाबरलाय, त्याच्या जवळ जायचं नाही. अंग ताठ, नजर रोखलेली, गुरगुर: तिथून हळूहळू मागे व्हायचं, पळायचं नाही, डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लंवाल्या कुत्रीजवळ कधीच नाही. मालकाला विचारल्याशिवाय पाळीव कुत्र्यालाही हात लावायचा नाही, आणि परवानगी मिळाली तरी आधी त्याला हुंगू द्यायचं, मग खांद्याजवळ किंवा हनुवटीखाली खाजवायचं. डोक्यावर वरून हात आणू नये. गच्चीवरून कॉलनीतल्या कुत्र्यांना नुसतं पाहत बसणं हाही एक छान रविवार होतो. कोण कुणाला आधी भेटतं, कोण कुणाला वाट देतं, मुलं पटापट ओळखायला लागतात.

आणि हे सगळ्या पालकांना छापून द्या: कुत्रा किंवा मांजर चावलं, ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. मुलांनी चावल्याचं घरी लपवू नये म्हणून त्यांना आधीच सांगा की रागावणार नाही. मार बसेल या भीतीनं न सांगितलेला चावा सगळ्यात घातक.

कूलरवाला मुलगा

माझी एक कल्पना, फुकटातली. नागपूरच्या प्रत्येक घरी कूलर आहे. कूलरची टाकी रिकामी करायच्या आधी काचेच्या ग्लासात थोडं पाणी काढून मुलांना उजेडात धरायला द्या. डासांच्या अळ्या डोकं खाली करून, शेपटीची नळी पाण्याच्या वर काढून श्वास घेतात. ग्लासला टिचकी मारली की सगळ्या वळवळत तळाशी जातात, मग परत वर. काही स्वल्पविरामासारख्या वाकड्या असतात, ते कोष. अंड्यापासून डास व्हायला गरमीत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून टाकी दर आठवड्याला कोरडी करून घासायची. डेंग्यूचा धडा पुस्तकात वाचण्यापेक्षा हे पक्कं बसतं. पाहून झालं की ते पाणी कोरड्या मातीवर ओता, नाल्यात नको.

कडुनिंबाखाली

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, खरंच आभार. डॉक्टर ताई, तुमचा मजकूर जसाच्या तसा ग्रुपवर टाकते.

दोन प्रश्न. आमच्या शेजारी एका घरी पिंजऱ्यात पोपट आहे, मुलांना तो फार आवडतो. त्यावर काय बोलू? आणि साप निघाला तर? मागच्या पावसाळ्यात इथे एक निघाला होता आणि लोकांनी मुलांसमोरच मारला.

राखी धनेश

पोपटाबद्दल: वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार आपले देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. पण शेजाऱ्यांशी भांडून सुरुवात करू नका, आणि मुलांच्या हातून पिंजरा तर अजिबात उघडू नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला उडता येत नाही, खाणं शोधता येत नाही, तो मांजराच्या तोंडी जातो. वन विभागाशी बोलून सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला सोपवणं हाच रस्ता. मुलांना मात्र संध्याकाळी आभाळातून जाणारे पोपटांचे थवे दाखवा. कुठून येतात, कुठल्या झाडावर रात्री उतरतात, याचा पाठलाग करू द्या. पिंजऱ्याबद्दलचा प्रश्न ती स्वतःच विचारतील, आणि त्यांनी विचारलेला शेजाऱ्यांना जास्त लागेल.

सापाबद्दल: नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार विषारी सापांची चित्रं मुलांना ओळखीची असावीत, पण ओळखता आलं म्हणून जवळ जायचं नाही. लांब उभं राहायचं, एका मोठ्या माणसानं सापावर नजर ठेवायची, दुसऱ्यानं सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करायचा. चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. तो अवयव हलू न देता थेट मेडिकल किंवा मेयो (नागपूरची सरकारी रुग्णालयं). नागपंचमीला साप दूध पीत नाही हेही त्याच दमात सांगून टाका.

पेंचकाठचा मास्तर

मी रामटेक तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. ही चर्चा वाचताना एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटली, म्हणून लिहितो.

आमच्या शाळेतल्या मुलांना झाडं-प्राणी शिकवावे लागत नाहीत. मोह कधी पडतो, तेंदूचं पान केव्हा तोडायचं, चारोळी कुठे मिळते, हे तिसरीतलं पोर सांगते. मोहफुलं वेचायला उन्हाळ्यात पहाटे घरची माणसं जंगलात जातात, आणि त्याच वेळी वाघ-अस्वलही फिरत असते. वाघ म्हटला की शहरातल्या मुलाच्या डोळ्यांत चमक येते. आमच्या मुलाला आई घरी परत आली का ते आठवते. परिसर अभ्यासाच्या तासाला मी हे दाबत नाही. जंगलावर प्रेम करा असं त्यांना सांगायची माझी हिंमत नाही. ते जंगलासोबत राहतात, ते मोठं आहे.

म्हणून ताई, मुलांना पेंचला आणाल तेव्हा सफारीपुरतं आणू नका. जिप्सीत चार तास बसवलेलं सहा वर्षांचं पोर कंटाळते, वाघ नाही दिसला तर "काहीच नव्हतं" म्हणून घरी जाते. शिवाय पावसाळ्यात मुख्य जंगल बंदच असते. त्यापेक्षा हिवाळ्यात गावात या. आमच्या मुलांसोबत एक सकाळ चाला, मोहाचं झाड त्यांनाच दाखवू द्या. रात्री थांबलात तर आभाळ पाहा. पेंचला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. दिवे नसलेल्या रात्रीची घुबडं-रातवे यांना केवढी गरज असते ते तिथे समजते.

तोवर पत्रं सुरू करता येतील. तुमची मुलं टिटवीबद्दल लिहितील, आमची उत्तर देतील.

सावली

मास्तर, तुमचं हे वाक्यन् वाक्य पटलं. पत्रांची कल्पना ताईंनी नक्की घ्यावी.

शहरातल्या जागांबद्दल थोडं. महाराजबाग, गोरेवाडा इथे नेलंत तर सगळे पिंजरे "उरकू" नका. एकाच प्राण्यासमोर वीस मिनिटं बसा. तो काय करतो, कंटाळलाय का, त्याला लपायला जागा आहे का, हे मुलांना ठरवू द्या. प्राणिसंग्रहालय असावं की नसावं हा वाद आपण मोठे घालत राहू, पण आठ वर्षांच्या मुलाला तो प्रश्न त्या जाळीपुढे स्वतः पडला पाहिजे. गोरेवाड्याला बचाव केंद्र आहे, जखमी आणि सापळ्यात सापडलेले प्राणी तिथे येतात, तेही सांगा. अजब बंगला म्हणजे आपलं जुनं संग्रहालय, 1863 चं, पेंढा भरलेले प्राणी-पक्षी अगदी जवळून पाहायला मिळतात, चोच आणि पंजे रेखाटायला उत्तम. उघडं आहे का ते आधी विचारून जा.

मात्र सगळ्यात आधी तुमचं कडुनिंब. आत्ता निंबोळ्या पिकत असतील. कोण कोण खायला येतं ते लिहून ठेवा: कोकीळ, बुलबुल, साळुंकी. 'सीझनवॉच' नावाचा उपक्रम आहे, एक झाड निवडून दर आठवड्याला त्याची पानं, कळ्या, फुलं, फळं यांची नोंद करायची. मुलांना सहज जमते.

राखी धनेश

माझ्या नावाच्या पक्ष्याचं राहिलं. सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्सच्या जुन्या झाडांवर राखी धनेश अजून आहेत. वड, पिंपळ, उंबर फळांवर आला की सकाळी त्याखाली उभं राहा. उन्हाळ्यात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि नर तिला आणि पिल्लांना त्या फटीतून भरवतो. बाहेरचा नर मेला तर आतले सगळे संकटात. जुनं पोकळ झाड "धोकादायक" म्हणून तोडलं की नेमकी अशी ढोलीच जाते. मुलांना हे समजलं तर पुढे कुणी झाड तोडायला आलं तेव्हा प्रश्न विचारायला चार माणसं जास्त असतील, असा माझा तरी विश्वास आहे.

हरियाल आपला राज्यपक्षी, तोही त्याच फळांवर येतो. हिरव्या पानांत हिरवा, पाय तेवढे पिवळे. आधी पाय शोधा.

कडुनिंबाखाली

ठरलं. पहिला रविवार गच्चीवरून टिटवी. पाऊस पडला की मृगाचे किडे. मग पानकर काकूंच्या, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या घरच्या लिंबाला मच्छरदाणीची पिशवी, त्यांनी आनंदानं हो म्हटलंय. कुत्र्यांची भाषा डॉक्टर ताईंच्या टिपणावरून. कूलरचा ग्लास उद्याच. मास्तर, पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवा, पत्रं मुलांच्याच अक्षरात येतील, शुद्धलेखन मी सुधारणार नाही.

नोव्हेंबरात 5 ते 12 पक्षी सप्ताह असतो, तेव्हा सगळ्यांना घेऊन अंबाझरी तलावावर जायचा विचार आहे. आणि काटोलचे भाऊ, मुलांना बाग दाखवायला आणलं तर चालेल का? कधी यावं?

काटोलची बाग

चालेल म्हणजे काय, याच. जुलै-ऑगस्टमध्ये नवती आणि अळ्या दोन्ही असतात, तेव्हा बरं. एकदा पावसात या आणि एकदा अंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलांची) संत्री तोडणीला आली की, दिवाळीच्या आसपास. फक्त निघायच्या आधी मला निरोप टाका. फवारणी झाली असली तर काही दिवस बागेत मुलांना आणू देत नाही. पायात बंद बूट पाहिजे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, चिखल असते. डबा आणू नका, जेवण आमच्याकडे.